घरी लघवीची नळी असलेल्या रुग्णाची काळजी: जंतूंचा थर, अँटिबायोटिक आणि नळी बदलण्याची वेळ

पक्षाघातानंतर, मणक्याच्या दुखापतीनंतर किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी अडलेला रुग्ण कॅथेटरसह, म्हणजे मूत्राशयात घातलेल्या लघवीच्या नळीसह, घरी येतो. काही आठवड्यांनी कोणीतरी खबरदारी म्हणून लघवी तपासून आणते. रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर’ आणि ‘ई. कोलाय (एक जंतू), एक लाखाहून अधिक कॉलनी’ असे लिहिलेले असते. मग अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होतो, संपतो, पंधरवड्याने रिपोर्ट पुन्हा तसाच येतो आणि या वेळी आधीच्यापेक्षा जबर औषध दिले जाते. हे चक्र थांबवता येते. औषध कोणते आणि किती द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे; परंतु घरचे लोक काय पाहतात, काय सांगतात आणि काय विचारतात यावर त्यांचा निर्णय बराच अवलंबून असतो.

नळी आत गेल्यापासून साधारण एका दिवसातच तिच्या पृष्ठभागावर जंतू चिकटू लागतात आणि स्वतःभोवती साखरेच्या साखळ्या, प्रथिने व डीएनए यांचा चिकट लगदा तयार करतात. या वस्तीला बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवल्यावर लागणारा बुळबुळीत थर हीसुद्धा बायोफिल्मच असते. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जंतू येण्याची शक्यता दररोज सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढत जाते आणि महिनाभरात ते जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत सापडतात. म्हणून महिनाभर नळी असलेल्या माणसाच्या कल्चरमध्ये (लघवीतील जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू वाढले, एवढ्यावरून त्याला संसर्ग झाला असे म्हणता येत नाही.

आता औषधाचा प्रश्न. थरातील जंतू मारायला मोकळ्या जंतूंच्या तुलनेत शंभर ते हजार पट अधिक औषध लागू शकते. लगद्यामुळे काही औषधे आत उशिरा पोहोचतात, पण कारण तेवढेच नाही. बहुतेक अँटिबायोटिके वाढत्या, विभाजन पावणाऱ्या जंतूंवर घाव घालतात; थराच्या तळाशी मात्र अन्न व प्राणवायू कमी असल्यामुळे जंतू जवळपास निद्रिस्त असतात. १९४४ मध्ये जंतुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी दाखवले होते की पेनिसिलिनने सारे जंतू मारले गेले असे वाटत असतानाही मूठभर जंतू तग धरून राहतात आणि औषध काढून घेतल्यावर पुन्हा वाढतात. शिवाय नळीत रक्त खेळत नाही, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशींचीही तेथे पुरेशी मदत होत नाही. कोर्सने ताप उतरतो, लघवीतील मोकळे जंतू मरतात, पण थर जागेवरच राहतो. आणि दर कोर्सनंतर त्या थरात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचे प्रमाण वाढते. माझ्या मते या सगळ्या प्रकारातील खरा धोका हाच आहे, कारण ज्या दिवशी रुग्णाला खरोखर ताप भरतो, त्या दिवशी चालणारे औषध हाताशी उरलेले नसते.

केव्हा थांबावे, केव्हा धावावे

लघवी गढूळ दिसते, वास येतो, पिशवीत थोडा साका बसतो, एवढ्याच कारणाने कल्चर करू नये. नुसत्या ‘पस सेल्स’वरूनही औषध सुरू करू नये, कारण नळी असताना त्या असतातच. कधी कधी पिशवी आणि तिची नळी चक्क जांभळी होते, विशेषतः बद्धकोष्ठता असलेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये. जंतूंच्या क्रियेतून तयार झालेली निळी व लाल रंगद्रव्ये प्लॅस्टिकमध्ये उतरल्यामुळे हे घडते. दिसायला ते भीतीदायक असले तरी रुग्ण ठीक असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगावे, बद्धकोष्ठतेवर उपाय करावा आणि पिशवी बदलावी. लक्षणे नसताना लघवीतील जंतूंवर उपचार करण्याला ठळक अपवाद दोनच आहेत: गर्भारपण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होण्याआधीचा काळ.

याउलट १००.४ अंश फॅरेनहाइटपेक्षा जास्त ताप, हुडहुडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, ओटीपोटात नव्याने सुरू झालेल्या वेदना किंवा लघवीतून रक्त यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. वृद्धांना संसर्ग असूनही ताप येईलच असे नाही. अचानक बरळणे, गुंगी किंवा रक्तदाब घसरणे यांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे. मात्र अंगातले पाणी किंवा सोडियम कमी झाल्यानेही माणूस बरळतो, म्हणून सरळ लघवीवर ठपका ठेवण्याआधी संपूर्ण तपासणी होऊ द्यावी.

संसर्गाची शंका असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती आधी बदलायची का? कल्चरचा नमुना नव्या नळीतून घेणार का? आणि तो औषधाचा पहिला डोस देण्याआधी घेता येईल का? जुन्या नळीतून घेतलेला नमुना त्या थराची माहिती देतो, मूत्राशयातील खऱ्या संसर्गाची नव्हे. पिशवीत साठलेली लघवी नमुना म्हणून कधीही देऊ नये, आणि काढलेल्या नळीचे टोक कल्चरला पाठवूनही काही साधत नाही. नळी बदलल्याने थराचा मोठा भाग एका झटक्यात बाहेर जातो आणि औषधाला काम करायला वाव मिळतो. प्रतिसाद लवकर मिळाला तर बहुधा सात दिवसांचा कोर्स पुरतो, उशिरा मिळाला तर दहा ते चौदा दिवस लागतात. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून औषध आणू नये.

रोजची निगा

नळीला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. दिवसातून एकदा आणि शौचानंतर नळीभोवतीची जागा साध्या साबण-पाण्याने धुवावी. स्त्रियांमध्ये पुढून मागे पुसावे, पुरुषांमध्ये शिश्नाची त्वचा मागे घेतली असेल तर ती न विसरता पुन्हा पुढे आणावी, अन्यथा ती अडकून सूज येते. नळी पुसताना शरीराकडून पिशवीकडे पुसत जावे. डेटॉल, बीटाडीन किंवा अँटिबायोटिक मलम रोज लावण्याने संसर्ग टळत नाही, उलट त्वचा चुरचुरते. नळी मांडीला पट्टीने बांधावी, म्हणजे कूस बदलताना ती ओढली जाऊन आतली त्वचा सोलली जाणार नाही.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकू नये. व्हीलचेअरवर बसवताना पिशवी रुग्णाच्या मांडीवर ठेवण्याची सवय फार घरांत दिसते. त्यामुळे पिशवीतली लघवी मूत्राशयाकडे मागे वाहू शकते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, त्यासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि तोटी त्या भांड्याला टेकू देऊ नये. नळी व पिशवी यांचा जोड कारणाशिवाय उघडू नये. पिशवीत जंतुनाशक टाकणे किंवा डॉक्टरांनी सांगितले नसताना सलाइनने मूत्राशय धुणे यांतून फायदा होत नाही, जोड उघडल्याने जंतूंना वाट मात्र मिळते.

काही रुग्णांची नळी वारंवार तुंबते. त्यामागे बहुधा प्रोटियस नावाचा जंतू असतो. तो लघवीतील युरियाचे अमोनियात रूपांतर करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षार स्फटिकांच्या रूपाने थरात साचतात. काढलेल्या नळीचे टोक बोटांत धरून चुरगाळले असता वाळूसारखी कचकच लागली, तर ती डॉक्टरांना दाखवावी. मूत्राशयात खडा आहे का हे पाहावे लागते आणि नळी लवकर-लवकर बदलण्याचे वेळापत्रक आखता येते. पिशवीत काही तास लघवी आली नाही तर आधी नळी दुमडली आहे का ते पाहावे, बद्धकोष्ठता आहे का ते विचारावे. ओटीपोट फुगले असेल तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. मणक्याला वरच्या भागात दुखापत झालेल्या रुग्णाला नळी तुंबल्यावर अचानक तीव्र डोकेदुखी, घाम आणि रक्तदाबाची उसळी येऊ शकते; ती तातडीची अवस्था आहे.

साधी लेटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवडे आणि पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते. नळी घातल्याची तारीख आणि प्रकार वहीत लिहून ठेवावा आणि दर भेटीत एक प्रश्न विचारावा: नळी अजून हवीच आहे का? काहींना दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लगेच काढण्याची पद्धत शिकवता येते, तर मूत्राशय नीट रिकामे होणाऱ्या पुरुषांना कंडोम कॅथेटर (शिश्नावर बाहेरून बसवायची, नळी जोडलेली पिशवी) पुरतो. नळी काढायची ठरली तर ती सकाळी काढून घ्यावी, त्यानंतर प्रत्येक वेळची लघवी मापात मोजून लिहावी आणि सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही किंवा थेंब-थेंबच येऊन पोट ताणले गेले, तर अंधार पडण्यापूर्वीच डॉक्टरांकडे जावे.