ग्राफिंग कॅल्क्युलेटरच्या मेनूत अडकताय? या चुका टाळा

आपल्याकडे दहावी-बारावीला ग्राफिंग कॅल्क्युलेटर हातात येत नाही. आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाला गेलेल्या किंवा अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्या मुलांकडे टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर एकदम येतो आणि पहिले काही महिने गणितापेक्षा मेनूतच जास्त वेळ जातो. त्यात चुका ठरलेल्या असतात, वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात महागात पडते ती रीसेटची चूक. साइन ३० चं उत्तर ०.५ यायला हवं, येतं −०.९८८. यंत्र कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये मोजतंय, एवढंच झालेलं असतं. पण परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेला विद्यार्थी मित्राने पाठवलेला रामबाण उपाय करतो: सेकंड, अधिक, ७, १, २. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचतही नाही. या पाच बटणांनी अख्खी रॅम, म्हणजे यंत्राची चालू स्मृती, पुसली जाते. एल-१ ते एल-६ या लिस्टमधले आकडे, मॅट्रिक्स, रॅममधले प्रोग्रॅम, सगळं गेलं. मग पुन्हा साइन ३० काढावं, तर उत्तर तेच, −०.९८८! कारण कारखान्यातून यंत्र येतं तेच रेडियनमध्ये. खरा उपाय दहा सेकंदांचा होता: मोड, रेडियन-डिग्रीची ओळ, कर्सर डिग्रीवर, आणि एंटर. हे एंटर बरेच जण विसरतात. नुसता कर्सर नेऊन ठेवल्याने काही बदलत नाही.

सेटिंग खरंच फार बिघडली असतील तर सेकंड, अधिक, ७, २, २ करा. यात फक्त सेटिंग मूळ पदावर येतात, साठवलेलं राहतं. मधल्या एका आकड्याचाच फरक आहे, म्हणून तिथे घाई नको. जपायचे प्रोग्रॅम सेकंड-अधिकच्या मेनूतल्या ५ ने अर्काइव्हमध्ये, म्हणजे वेगळ्या जपणुकीच्या जागेत, टाकून ठेवा. रॅम पुसली तरी ते वाचतात. चालवण्याआधी ६ ने परत आणायचे.

दुसरी चूक जास्त घातक, कारण यंत्र एरर देत नाही. समजा वाय-१ मध्ये, म्हणजे समीकरणाच्या पहिल्या जागेत, एक्स वर्ग अधिक १ भरलंय आणि एक्स ३ असताना किंमत हवी आहे. नवखा माणूस होम स्क्रीनवर, म्हणजे आकडेमोडीच्या मुख्य पडद्यावर, अल्फा (अक्षरांचं बटण) दाबून वाय टाइप करतो, पुढे १, पुढे कंसात ३. दिसायला अगदी बरोबर. यंत्र मात्र ते 'वाय गुणिले १ गुणिले ३' असं वाचतं. आधी ट्रेस करून, म्हणजे आलेखावरून कर्सर फिरवून, तो (०, १) वर सोडला असेल तर वाय या चलात १ असतो आणि उत्तर येतं ३. खरं उत्तर १०. वाय-१ हे एकच चिन्ह आहे, ते मेनूतूनच घ्यावं लागतं: व्हार्स, उजवा बाण, १, १. मॅथप्रिंटवाल्या (अपूर्णांक, घात पुस्तकासारखे दाखवणाऱ्या) यंत्रांवर अल्फा दाबून ट्रेस दाबलं की थेट यादी उघडते. मी तर हेच सुचवीन.

सेकंड आणि अल्फा धरून ठेवायची बटणं नाहीत. दाबा, सोडा, मग पुढचं.

मेनूत बाणाने एकेक ओळ उतरू नका, ओळीपुढचा आकडा दाबा. शेवटची ओळ हवी असेल तर पहिलीवरून वरचा बाण. पण आकडे आंधळेपणाने पाठ करू नका. जुन्या टीआय-८३ प्लसवर डिस्ट्रिब्युशनच्या (संभाव्यतेच्या) मेनूत ० म्हणजे बायनॉमपीडीएफ हे फंक्शन. ८४ वर मध्येच इन्व्ह-टी हे नवं फंक्शन आलं, खालचं सगळं एक घर सरकलं आणि ० वर एफसीडीएफ आलं. बायनॉमपीडीएफ गेलं ए वर. दादा-ताईच्या जुन्या वहीतले शॉर्टकट इथेच फसतात.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे सगळ्या आज्ञांच्या अक्षरवार यादीत, अल्फा आधीच चालू असतं. डी पासूनची आज्ञा हवी तर थेट डी अक्षराचं बटण दाबा, यादी तिथे उडी मारते.

बाहेर पडायला क्लिअर दाबायची सवय मोडा. मेनूत ते चालतं. समीकरणं भरायच्या वाय-इक्वल्सच्या पडद्यावर मात्र कर्सर असेल ते समीकरण पुसलं जातं. सेकंड आणि मोड, म्हणजे क्विट, कुठूनही सुरक्षित आहे. लिस्टच्या नावावर डिलीट दाबून अख्खा स्तंभच गायब झाला, तर घाबरू नका: स्टॅट, ५, एंटर.

आलेख काढताना इनव्हॅलिड डायमेन्शन आलं, तर समीकरणात चूक शोधत बसू नका. बहुधा जुना स्टॅट प्लॉट, म्हणजे लिस्टमधल्या आकड्यांचा आलेख, चालू राहिलाय. सेकंड, वाय-इक्वल्स, ४, एंटर.

आलेखाचं शून्य, म्हणजे तो एक्स अक्षाला छेदतो ती जागा, काढताना लेफ्ट बाउंड (डावी सीमा) विचारलं की कर्सर खरडत नेऊ नका. शून्याच्या डावीकडची किंमत, समजा −४, टाइप करा आणि एंटर. ऋण चिन्ह मात्र एंटरच्या डावीकडच्या बटणाचं, वजाबाकीचं नव्हे.