कोंबडीच्या पिल्लांच्या पोटात तूस-सुतळी जाऊ नये म्हणून
पहिले 3-4 दिवस पिल्लांना दाणा कोणता, तूस कोणता हे कळत नाही. दिसेल त्यावर चोच मारतात. म्हणून भाताच्या तुसाच्या 2 इंच थरावर खडबडीत कागद अंथरा आणि मक्याचा भरडा त्यावरच पसरा. गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. लाकडाचा बारीक भुसा नकोच.

खानदेशात घरात कापूस साठवलेला असतो. त्याचे धागे आणि पोत्याची सुतळी सगळ्यात घातक, पोटात गुंता होतो.

सकाळी दाण्याआधी पिल्लाच्या गळ्याखालची, खाल्लेला दाणा साठतो ती पिशवी चाचपा, ती रिकामी हवी. मळलेल्या कणकेसारखी घट्ट लागली तर दाणा बंद करा, कोमट पाणी ठेवा, हलक्या हाताने चोळा. उलटं धरून ओकवू नका. पाणी श्वासनळीत जाऊन पिल्लू दगावतं. चोचीतून धागा लोंबत असेल तर ओढू नका, पशुवैद्यकाकडे न्या.