काळ्या ड्रॉसचे पृथक्करण कसे करावे

भंगार ॲल्युमिनियम रोटरी भट्टीत वितळवताना त्यावर मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड यांचे फ्लक्स, म्हणजे धातूला हवेपासून झाकून मळ वेगळा करणारे मिश्रण, टाकतात. धातू ओतून झाल्यावर जो काळपट, खडबडीत माल मागे उरतो, त्याला बहुतेक कारखान्यांत सरसकट ड्रॉस म्हटले जाते. घातक व इतर कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांतील पहिल्या अनुसूचीत ड्रॉसचा उल्लेख आहे. त्यामुळे माल घातक आहे का हे ठरवण्यापेक्षा प्रयोगशाळेकडून खरी अपेक्षा असते ती या मालात काय आहे आणि त्याला पाणी लागल्यास काय होईल, हे सांगण्याची.

पाणी लागले की ड्रॉसमधील ॲल्युमिनियम नायट्राइडपासून अमोनिया, कार्बाइडपासून मिथेन आणि उरलेल्या धातूपासून हायड्रोजन सुटतो. हवेतील दमटपणाही याला पुरतो. जुलै महिन्यात चाकणच्या एखाद्या शेडमध्ये आठवडाभर उघड्या पोत्यात पडलेला ड्रॉस आणि काल भट्टीतून काढलेला ड्रॉस यांचे आकडे जुळत नाहीत, आणि तरीही दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. म्हणून महागड्या उपकरणापेक्षा नमुना घेण्याची शिस्त मला अधिक महत्त्वाची वाटते.

ढिगाच्या वरून फावडेभर माल उचलला म्हणजे नमुना झाला असे नाही. माल पूर्ण थंड झाल्यावर वेगवेगळ्या खोलीवरून किमान दहा ठिकाणचा माल घ्यावा, तो कोरड्या पत्र्यावर एकत्र करावा आणि शंकू करून चौथाई पद्धतीने, म्हणजे ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग ठेवत, कमी करत आणावा. दळताना धातूचे गोळे फुटत नाहीत, चपटे होतात. ते चाळणीवर राहिले की फेकून न देता वेगळे तोलावेत, कारण बराचसा धातू तिथेच असतो. बारीक चूर्ण हवेत उडू देऊ नये, ॲल्युमिनियमची धूळ स्फोटक असते. नमुना कोरड्या बरणीत सिलिका जेलसह ठेवावा आणि चिठ्ठीवर भट्टीचा घाणा, भंगाराचा प्रकार आणि दिवसाबरोबरच वेळही लिहावी. ओलावा काढण्यासाठी १०५ अंशांवर तापवल्यास वजनात येणारी घट निव्वळ पाण्याची नसते, तिच्यात अमोनियाही असू शकतो.

पहिली चाचणी वायूची. संयुक्त राष्ट्रांच्या एन.५ पद्धतीत आधी अगदी थोड्या मालावर पाणी टाकून पेट घेतो का ते पाहतात, मग जास्तीत जास्त २५ ग्रॅम माल घेऊन निघणारा वायू दर तासाला, ७ तासांपर्यंत मोजतात. एका किलोला तासाला १ लिटरपेक्षा अधिक ज्वलनशील वायू निघत असेल, तर तो माल वाहतुकीच्या ४.३ या, म्हणजे पाणी लागल्यावर ज्वलनशील वायू सोडणाऱ्या पदार्थांच्या, वर्गात जातो.

धातू मोजण्यासाठी ड्रॉस हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून हायड्रोजनचे आकारमान घ्यावे. शुद्ध ॲल्युमिनियमच्या १ ग्रॅमला ० अंश तापमान आणि १ वातावरण दाबाला सुमारे १.२५ लिटर हायड्रोजन मिळतो. काही जण इथे कॉस्टिक सोडा वापरतात, पण एडीसी १२ सारख्या डायकास्टिंगच्या मिश्रधातूत सुमारे १० ते १२ टक्के सिलिकॉन असते आणि कॉस्टिकमध्ये तेही हायड्रोजन देते, त्यामुळे धातूचा आकडा फुगतो. आम्लात अमोनिया विरघळून राहतो. मिथेन मात्र हायड्रोजनबरोबर बाहेर येतो, म्हणून वायू गॅस क्रोमॅटोग्राफवर वेगळा करून पाहावा.

नायट्राइडसाठी कॉस्टिकच हवे. थोडा नमुना घेऊन द्रावण सावकाश घालावे, जवळ ज्योत नको, फेस खाली बसला की ऊर्ध्वपातन सुरू करावे. अमोनिया बोरिक आम्लात पकडून नायट्रोजन मोजण्याच्या केल्डाल पद्धतीप्रमाणे अनुमापन करावे आणि मिळालेल्या नायट्रोजनला २.९३ ने गुणावे. क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटने, सोडियम-पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरने सहज मिळतात. फ्लोराइडला ॲल्युमिनियम बांधून ठेवते, त्यामुळे फ्लोराइड इलेक्ट्रोड वापरण्यापूर्वी तो मोकळा करणारा योग्य बफर घातलाच पाहिजे.

जड धातूंसाठीच्या टीसीएलपी चाचणीत, म्हणजे कचऱ्यातून विषारी घटक द्रावात किती झिरपतात हे पाहणाऱ्या चाचणीत, १०० ग्रॅम माल २० पट द्रावात १८ तास, मिनिटाला ३० फेऱ्यांनी फिरवतात. ड्रॉस असेल तर बंद बाटलीत दाब चढतो. पद्धतीत १५ मिनिटे, ३० मिनिटे आणि १ तासाने बाटली फ्यूम हूडमध्ये उघडण्याची जी सूचना आहे, ती इतर कचऱ्याच्या बाबतीत चुकून राहिली तर एखादे वेळी निभावते; इथे झाकण उडून छताला लागते.

अहवालात वायूचा दर, नायट्राइड आणि क्लोराइड एकाच पानावर द्यावेत, आणि त्यांच्या शेजारी नमुना घेतल्याची व चाचणी सुरू केल्याची तारीख लिहावी, म्हणजे तळोजा किंवा रांजणगावच्या विल्हेवाट केंद्रात गाडी उतरवणाऱ्याला आकडे ताज्या मालाचे आहेत की भिजून शांत झालेल्या मालाचे, हे ताडता येते.