चट्टा उन्हाचा की आतल्या आजाराचा? घरच्या घरी कसे पाहावे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांकडे सरकला की अंगावर उठलेल्या प्रत्येक चट्ट्याचे खापर उन्हावर फोडले जाते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात, चेहऱ्यावरचे पुरळ अनेकदा उन्हानेच उठते. त्यामुळे उन्हाचे कारण सापडले म्हणून शंका मिटत नाही.

प्रथम खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहावे. सावळ्या त्वचेवरचा दाह लाल न दिसता जांभळट किंवा काळपट दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो.

त्यानंतर जागा पाहावी. बरेचसे उत्तर तिथेच असते. ल्युपसचे पुरळ दोन्ही गालांवर आणि नाकावर पसरते, पण नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुधा मोकळी सोडते. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर उंचवटे आणि जिना चढताना मांड्यांत बळ नसणे, हे एकत्र आढळल्यास डर्मेटोमायोसायटिस या स्नायूंच्या दाहाची शंका घ्यावी. सोरायसिसच्या, म्हणजे खवले धरणाऱ्या त्वचारोगाच्या, रुग्णाच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील आणि सकाळी सांधे अर्धा तासाहून अधिक आखडत असतील, तर आजार सांध्यांतही उतरलेला असू शकतो आणि केवळ मलमावर भागत नाही. नडग्यांवरच्या दुखऱ्या, गरम गाठींमागे क्षयरोगही असू शकतो, आणि विदर्भात अशा गाठी पाहताना कुष्ठरोगाची रिअ‍ॅक्शन, म्हणजे त्या आजारात अचानक उसळणारा दाह, विसरून चालत नाही.

मग काचेचा पारदर्शक पेला चट्ट्यावर दाबावा. रंग फिकटला नाही, तर त्वचेत रक्त झिरपलेले असू शकते. असे ठिपके बोटाला उंच लागले तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शक्यता असते, आणि न फिकटणाऱ्या कोणत्याही ठिपक्यांसोबत ताप असल्यास त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, रुग्णालय गाठावे.

एरवी नागपुरातील मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधील एम्सच्या त्वचारोग विभागात जाण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण तपासणीच्या दिवशी पुरळ नेमके ओसरलेले असते. ताप, तोंडातले व्रण, केसगळती, चालू औषधे यांची नोंद न्यावी. तोपर्यंत औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे मलम आणून कृपया लावू नये. त्याने खुणा पुसट होतात आणि आजार मात्र आत चालूच राहतो. ल्युपसची शंका असेल तर लघवीच्या तपासणीविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण ल्युपसमध्ये येऊ शकणारी मूत्रपिंडाची सूज सुरुवातीला दुखत नाही.