डिस्क घातली तरी कन्सोल जागा का मागतो? गेम ड्राइव्हवर चढवायची रीत

चार-पाच हजार रुपये मोजून गेमची डिस्क आणली, कौतुकाने कन्सोलमध्ये सरकवली आणि पडद्यावर आलं काय, तर 'पुरेशी जागा नाही'. पहिल्यांदा कन्सोल घेणाऱ्या बहुतेकांचा पहिला वैताग हाच. सीडी आतच आहे ना, मग तिच्यावरून चालव की!

पूर्वी तसंच चालायचं. आता घरात कुठला कन्सोल आहे त्यावर ते ठरतं, म्हणून आधी तेवढं बघून घ्या. प्लेस्टेशन ४, प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स यांच्यावर तुम्हाला निवड नाही. डिस्कवरचा गेम आतल्या ड्राइव्हवर, म्हणजे कन्सोलच्या साठवणीवर, चढवावाच (इन्स्टॉल करावाच) लागतो, तरच तो चालू होतो. एक्सबॉक्स ३६० वर निवड बहुतेक वेळा तुमची. प्लेस्टेशन ३ वर ती गेम बनवणाऱ्याची: काही गेम न विचारता चढतात, काही विचारतात, काही विषयच काढत नाहीत. निन्टेन्डो स्विचमध्ये डिस्क नसून कार्ड असतं आणि गेम थेट त्यावरून चालतो. प्लेस्टेशन ५ ची डिजिटल आवृत्ती किंवा एक्सबॉक्स सिरीज एस असेल, तर डिस्क घालायला फटच नाही, त्यामुळे हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. जागेबद्दलचा भाग मात्र वाचा, सिरीज एसवाल्यांनी तर नक्कीच.

चढवायचा कशासाठी?

डिस्क फिरते, लेसरचं डोकं तिच्यावर पुढे-मागे सरकतं आणि हवा तो तुकडा शोधून वाचतं. या शोधाशोधीत दर वेळी साधारण शंभर मिलिसेकंद जातात. साध्या हार्ड ड्राइव्हला त्याच कामाला दहा-पंधरा मिलिसेकंद पुरतात आणि एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या, चिपच्या ड्राइव्हला) तर जवळजवळ काहीच लागत नाही. सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओळीने वाचला जातो, म्हणून डिस्कवरून तो छान चालतो. गेममध्ये मात्र तुम्ही डावीकडे वळलात की डावीकडचा रस्ता लागतो, उजवीकडे वळलात की उजवीकडचा.

वेगाचंही तेच. प्लेस्टेशन ३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला ९ एमबी वाचतो, प्लेस्टेशन ४ चा जास्तीत जास्त २७ एमबी. प्लेस्टेशन ५ ची एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते आणि गेम त्या हिशेबानेच बांधलेले असतात. तो गेम डिस्कवरून चालवायचा म्हणजे अग्निशमन दलाचं काम बागेच्या झारीने करण्यासारखं आहे.

दुसरं कारण आवाजाचं. ३६० चा डीव्हीडी ड्राइव्ह पूर्ण वेगाने फिरू लागला की स्वयंपाकघरात मिक्सर लावल्यासारखं वाटायचं. गेम चढवला की ती घरघर थांबते, कारण डिस्क फक्त सुरुवातीला तपासली जाते. घरात दुपारी कोणी झोपत असेल, तर एवढं एक कारणही पुरेसं आहे.

मग डिस्क आतच का ठेवायची?

गेम पूर्ण चढला तरी खेळताना डिस्क आत लागतेच. ती आता किल्ली आहे. मूळ डिस्क तुमच्याकडे आहे एवढंच कन्सोल पाहतो. ही अट नसती तर एकाने डिस्क आणायची, सोसायटीतल्या दहा घरांत चढवायची आणि अकराव्याला विकायची, असं झालं असतं.

डिस्क न लागणारी व्यवस्था करायचा एक प्रयत्न होऊन गेला आहे. २०१३ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जाहीर केलं होतं की एकदा गेम चढवला की डिस्कची गरज नाही, पण कन्सोलने दर २४ तासांत एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची. जुन्या डिस्क विकण्या-देण्यावरही बंधनं होती. त्यावर एवढी ओरड झाली की १९ जूनला कंपनीने सगळं मागे घेतलं. पुढच्या वेळी डिस्क बदलायला सोफ्यावरून उठावं लागलं तर चिडू नका. त्या उठण्याच्या मोबदल्यातच तुम्हाला डिस्क मित्राला देता येते आणि खेळून झाल्यावर निम्म्या किमतीत विकता येते.

प्लेस्टेशन ४ आणि ५ वर

१. आधी जागा बघा. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडलं की किती रिकामी आहे ते दिसतं. डब्यामागे लिहिलेला किमान आकडा अपुरा धरा, कारण वरून अपडेट येतात. प्लेस्टेशन ४ तर अपडेट बसवताना गेमची नवी प्रत जुळवतो, त्यामुळे त्या वेळेपुरती जवळपास दुप्पट जागा मागतो. ४० जीबीच्या गेमसाठी ४५ जीबी मोकळी ठेवून 'जागा नाही' असं उत्तर मिळणारे कमी नाहीत.

२. डिस्क घाला. कन्सोल आडवा असेल तर चित्राची बाजू वर. पहिल्या मॉडेलचा प्लेस्टेशन ५ उभा असेल तर चित्र डावीकडे. उभ्या कन्सोलमध्ये डिस्क उलटी घालणारे बरेच निघतात. डिस्क सहज आत ओढली गेली नाही, तर जोर लावू नका.

३. कॉपी आपोआप सुरू होते. ५० जीबीचा गेम प्लेस्टेशन ४ ला कागदावरच्या वेगाने अर्ध्या तासात उतरवता यायला हवा. पण तो वेग डिस्कच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, आतल्या बाजूला कमी पडतो. पाऊण तास धरून चाला. बरेच गेम थोडा भाग उतरला की खेळू देतात. मी मात्र तसं करत नाही. पहिला टप्पा संपतो, पुढचा उतरलेला नसतो, आणि आपण मेनूच्या संगीताकडे बघत बसतो.

४. गेम दोन डिस्कचा असेल तर त्यांवरची नावं वाचा. 'रेड डेड रिडेम्पशन २' प्लेस्टेशन ४ वर दोन डिस्कांत येतो: एक डेटाची, एक खेळायची. डेटाची एकदाच लागते, नंतर ती डब्यात. रोज आत राहते ती खेळायची डिस्क. सेकंड-हँड घेताना डब्यात दोन्ही आहेत ना, हे दुकानातच उघडून बघा. नुसती खेळायची डिस्क घेऊन घरी आलात तर उपयोग शून्य.

५. इंटरनेट जोडा आणि अपडेट येऊ द्या. पहिल्या दिवसाच्या अपडेटमध्ये बहुधा खऱ्या चुका दुरुस्त केलेल्या असतात.

डिस्कवर गेम कितपत आहे, हेही खरेदीआधी पाहायला हवं. २०२२ साली आलेल्या 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २' च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते. बाकी सगळं डाउनलोड. घरी ४० एमबीपीएसची लाइन असेल तर ५० जीबीला पावणेतीन तास लागतात. गावी मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर असाल तर पंचवीस दिवस. आपल्याकडे डिस्कला अजून मागणी आहे ती यामुळेच, पण निम्मा गेम डाउनलोडच करायचा असेल तर तो फायदाही निम्मा उडाला. डब्यावर 'इंटरनेट आवश्यक' किंवा 'डाउनलोड आवश्यक' अशी बारीक अक्षरं असतात. ती शोधा.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्सवर

डिस्क घातली की 'इन्स्टॉल' विचारलं जातं, होकार द्या. इथे एक खोड आहे. कन्सोल इंटरनेटला जोडलेला असेल तर तो डिस्कवरून घेण्याऐवजी ताजी आवृत्ती नेटवरून ओढायला लागतो. डेटा जपून वापरायचा असेल किंवा आकडा शून्यावरच अडकला असेल, तर सेटिंग्जमधून नेटवर्क सेटिंग्ज उघडा, 'गो ऑफलाइन' करा, डिस्क काढून पुन्हा घाला. डिस्कवरचं सगळं उतरलं की परत ऑनलाइन जा. मग फक्त अपडेटचा भाग डाउनलोड होईल.

या कन्सोलमध्ये एक्सबॉक्स ३६० ची जुनी डिस्क घातलीत, तर तिच्यावरचं काहीच कॉपी होत नाही. नव्या कन्सोलवर चालणाऱ्या जुन्या गेमच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतला गेम असेल तर त्याची जुळवून घेतलेली आवृत्ती नेटवरून उतरते आणि डिस्क केवळ पुरावा म्हणून आत बसते.

एक्सबॉक्स ३६० वर: खरी निवड इथेच

जुन्या बाजारात अजूनही हा कन्सोल मिळतो आणि धाकट्या भाचरांसाठी घेतलाही जातो. गेम पूर्ण चढवायची सोय त्यात नोव्हेंबर २००८ च्या अपडेटने आली. सुरुवातीच्या बऱ्याच कन्सोलसोबत २० जीबीची हार्ड ड्राइव्ह असे. दोन गेम चढवले की ती भरलीच. पुढे १२० आणि २५० जीबीच्या आल्या, तेव्हा या सोयीला अर्थ आला.

डिस्क घाला. गेम आपोआप सुरू झाला तर मधलं मोठं बटण दाबून होमवर या. गेमच्या चौकटीवर उभं राहून एक्स दाबा, गेमची माहिती उघडेल, तिथे 'इन्स्टॉल' निवडा आणि हार्ड ड्राइव्ह दाखवा. सहा-सात जीबीला दहा-बारा मिनिटं. गेम तीन डिस्कचा असेल तर तिन्ही वेगवेगळ्या चढवाव्या लागतात आणि खेळताना पुढच्या डिस्कसाठी उठावंही लागतं.

लोडिंग बहुतेक गेममध्ये कमी होतं, पण सगळ्यांत नाही. 'हॅलो ३' ची रचनाच अशी होती की तो डिस्कवरून वाचत वाचत हार्ड ड्राइव्हवर स्वतःची साठवण करत जायचा. पूर्ण चढवला की एकाच ड्राइव्हला वाचणं आणि लिहिणं दोन्ही करावं लागतं आणि लोडिंग उलट लांबतं. २०१३ चा 'जीटीए ५' त्याहून नमुनेदार. पहिली डिस्क चढवणं सक्तीचं, सुमारे ८ जीबी. दुसरी मात्र चढवू नका, असं गेम बनवणाऱ्या रॉकस्टारनेच सांगितलं होतं. तो गेम रस्ते आणि इमारती अर्ध्या हार्ड ड्राइव्हवरून आणि अर्ध्या डिस्कवरून एकाच वेळी ओढतो. दोन्ही ओझी एका ड्राइव्हवर टाकली की गाडी पुढे निघून जाते आणि भिंतींवरचं चित्र मागून उमटतं.

म्हणून ३६० वर माझा हिशेब असा: रोजचा गेम असेल, घरघर नको असेल, किंवा डिस्क म्हातारी होऊन अडखळायला लागली असेल, तर चढवा. दोन तास खेळून बाजूला टाकायचा असेल, तर डिस्कवरूनच खेळा.

प्लेस्टेशन ३ आणि स्विच, थोडक्यात

प्लेस्टेशन ३ वर गेम जे विचारेल त्याला हो म्हणा, एवढंच. २००८ चा 'डेव्हिल मे क्राय ४' सुमारे ५ जीबी चढवायला वीसेक मिनिटं घ्यायचा. जागा कमी पडली तर 'गेम डेटा युटिलिटी'मधला साठा उडवा. 'सेव्ह्ड डेटा युटिलिटी'ला हात लावू नका, तुमची प्रगती तिथे असते. आतली ड्राइव्ह लॅपटॉपमधलीच अडीच इंची, साटा जोडणीची असते, त्यामुळे घरी स्क्रू काढून मोठी बसवता येते. स्विचवर कार्डावरचा गेम चढवायची गरज नाही. अपडेट आणि डाउनलोड केलेले गेम मायक्रोएसडी कार्डावर टाका. सेव्ह (खेळातली तुमची प्रगती) मात्र कन्सोलच्या आतच राहतात, गेमच्या कार्डावर नाही.

जागा संपल्यावर

प्लेस्टेशन ५ चे पहिले मॉडेल ८२५ जीबीचे म्हणतात, हाती येतात साधारण ६६७. सिरीज एक्स १ टीबी म्हणतो, मिळतात ८०२. सिरीज एसचे ५१२ तर ३६४ वर येतात. मोठे गेम पाच-सहा झाले की घर भरतं.

गेम उडवायला घाबरू नका. प्लेस्टेशनवर गेम पुसला तरी सेव्ह वेगळे राहतात आणि डिस्क असल्याने परत चढवायला डेटा फारसा जात नाही. एक्सबॉक्सवर पुसताना 'सेव्ह केलेला डेटाही काढायचा का' असा पर्याय समोर येतो. तिथे घाईत हो म्हणू नका.

बाहेरची यूएसबी ड्राइव्ह जोडायची तर प्लेस्टेशन ४ ला २०१७ च्या ४.५० अपडेटपासून चालते: यूएसबी ३.०, २५० जीबी ते ८ टीबी. प्लेस्टेशन ५ वर अशा ड्राइव्हवरून प्लेस्टेशन ४ चे गेम खेळता येतात. प्लेस्टेशन ५ चे गेम मात्र तिथे नुसते ठेवता येतात, खेळताना आत आणावे लागतात. ते थेट खेळायचे असतील तर आत एम.२ एसएसडी (आतल्या खाचेत बसणारी पट्टीसारखी ड्राइव्ह) बसवा, चौथ्या पिढीची, सेकंदाला साडेपाच हजार एमबी वेगाची. यूएसबी ड्राइव्ह जोडताना कन्सोल ती फॉरमॅट करतो, म्हणजे तिच्यावरचं सगळं जातं. ताईच्या लग्नाचे फोटो असलेली ड्राइव्ह 'जरा बघतो' म्हणून जोडू नका.

कॉपी चालू असताना लाइट जाते हा आपला नेहमीचा अनुभव. बहुधा कन्सोल पुन्हा तपासून पुढे जातो, क्वचित गेम पुसून परत चढवावा लागतो. इन्व्हर्टर असेल तर कन्सोल त्यावर घ्या.

डिस्कची काळजी

चढवलेल्या गेमची डिस्क कमी झिजते, पण खराब झाली तर दुहेरी नुकसान: किल्लीही गेली आणि परत चढवायचा मार्गही. फिरत्या डिस्कसह कन्सोल हलवू नका. लहानपणी माझ्या भावाने टीव्ही पुसायला म्हणून चालू कन्सोल आडव्याचा उभा केला होता. डिस्क बाहेर आली तेव्हा तिच्यावर परकाराने काढल्यासारखं गोल वर्तुळ होतं. तो गेम आम्ही पुन्हा कधी शेवटपर्यंत पाहिला नाही.

पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल नाही. टूथपेस्ट लावून चरे घालवायचा जुना उपाय ब्लू-रेवर करू नका. डीव्हीडीचा माहितीचा थर ०.६ मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेचा फक्त ०.१. वर कडक लेप दिलेला असतो तो त्याचसाठी, आणि टूथपेस्टने घासून तुम्ही तोच काढून टाकता.