एक्स्चेंजचा शेअर घ्यायचाय? आधी टोपल्या मोजा

हर्णै बंदरावर संध्याकाळी वाळूतच मासळीचा लिलाव चालतो. तिथे बोली पुकारणाऱ्या एका ओळखीच्या दादांना मी एकदा विचारलं, भाव पडला की तुमचं कसं? ते म्हणाले, "भाव पडला तर होडीवाला रडतो. मला टोपल्या हव्यात. टोपल्याच आल्या नाहीत तर माझी चूल थंड."

शेअर बाजार चालवणाऱ्या कंपनीचा, म्हणजे एक्स्चेंजचा धंदा बराचसा असाच आहे. बाजार चढो की उतरो, प्रत्येक सौद्यावर तिला आकार मिळतो. म्हणून "बाजार वर जाणार, मग एक्स्चेंजचा शेअरही जाणार" एवढ्या हिशेबावर पैसे घालू नका.

सुरुवात कंपनी ओळखण्यापासून करा. एक्स्चेंजला स्वतःच्याच पाटीवर स्वतःचा शेअर नोंदवता येत नाही. त्यामुळे १८७५ पासूनच्या बीएसईचा (मुंबई शेअर बाजाराचा) शेअर फेब्रुवारी २०१७ मध्ये एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदला गेला. सोनं-चांदी, कच्चं तेल यांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे चालवणारी एमसीएक्स त्याआधीच, २०१२ मध्ये, बाजारात आली होती. सीडीएसएललाही लोक याच टोपलीत टाकतात, पण ती डिपॉझिटरी आहे. डिमॅट खात्यांतले शेअर सांभाळणं हे तिचं काम, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा मांडावा.

आता टोपल्या मोजायच्या. मी फसलो तो इथेच. पेपरात एका एक्स्चेंजची रोजची उलाढाल लाखो कोटींची वाचली आणि डोळे दिपून शेअर घेऊन टाकला. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क, आणि त्या हक्कासाठी मोजायची किंमत म्हणजे प्रीमियम. तो आकडा ऑप्शनच्या 'नोशनल' उलाढालीचा होता, म्हणजे करारामागच्या निर्देशांकाच्या पूर्ण किमतीचा. एक्स्चेंजचा आकार लागतो तो प्रीमियमवर.

उदाहरण घ्या. बीएसईचा निर्देशांक सेन्सेक्स ८०,००० वर आहे आणि लॉट, म्हणजे एका करारातले नग, २० चा आहे. करार झाला १६ लाखांचा. ऑप्शनचा प्रीमियम नगामागे २०० रुपये असेल तर प्रत्यक्षात हात बदलतात ४,००० रुपये. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेला बीएसईचा दर एक कोटी प्रीमियममागे ३,२५० रुपये असा होता. म्हणजे या सौद्यात घेणाऱ्याकडून १ रुपया ३० पैसे, आणि तेवढेच विकणाऱ्याकडून. बातमीत १६ लाख, गल्ल्यात अडीच रुपयांच्या आसपास! तेव्हा कंपनीच्या तिमाही सादरीकरणात 'सरासरी दैनिक प्रीमियम उलाढाल' शोधा आणि गेल्या आठ तिमाहींचे आकडे एका वहीत ओळीनं लिहा. एमसीएक्सच्या वायद्यांत मात्र आकार सौद्याच्या पूर्ण किमतीवर असतो. सोनं महागलं की तेवढ्याच सौद्यांतून तिला जास्त मिळतं. ऑप्शनचं गणित तिथेही प्रीमियमचंच.

मग टोपलीत मासा कोणता आहे ते बघा. उत्पन्न कुठून येतं? सौद्यांचा आकार, कंपन्यांची नोंदणी फी, म्युच्युअल फंडाचं व्यासपीठ, ठेवींवरचं व्याज. सगळी भिस्त साप्ताहिक, म्हणजे आठवड्यात मुदत संपणाऱ्या ऑप्शनवर असेल तर मला ते नुसत्या बांगड्यावर धंदा चालवण्यासारखं वाटतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्यूचर्स-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. ज्या धंद्याचं गिऱ्हाईक असं हात पोळून जातं, त्यावर नियामकाचा डोळा राहणारच.

आणि नियामकाचा एक कागद काय करू शकतो, ते नीट समजून घ्या. एप्रिल २०२४ मध्ये सेबीनं बीएसईला वार्षिक फी प्रीमियमवर नव्हे तर नोशनल उलाढालीवर भरायला सांगितली, तीही मागच्या थकबाकीसह. कमाई एका आकड्यावर आणि फी दुसऱ्या, अवाढव्य आकड्यावर. पुढच्याच सत्रात शेअर दहा टक्क्यांहून जास्त घसरला. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाचे साप्ताहिक ऑप्शन ठेवण्याची मुभा उरली. एनएसईला बँक निफ्टी या बँकांच्या निर्देशांकाचे साप्ताहिक सौदे बंद करावे लागले, बीएसईला तिच्या बँकेक्सचे. विजेचा बाजार चालवणाऱ्या आयईएक्सचं बघा. वेगवेगळ्या वीज एक्स्चेंजांचा भाव एकत्र ठरवण्याचा, म्हणजे सगळीकडे एकच भाव ठेवण्याचा निर्णय जुलै २०२५ मध्ये वीज नियामक आयोगानं घेतला आणि शेअरची चौथाईहून जास्त किंमत एका दिवसात गेली. मक्तेदारी आहे म्हणून कंपनी घ्यायची तर ती मक्तेदारी कोणाच्या सहीवर टिकून आहे, हेही बघायला हवं.

खर्चाकडे फार वेळ द्यायला नको, पण दोन ओळी वाचाच. संगणक प्रणालीवर किती जातो, आणि सौदापूर्ती हमी निधीत, म्हणजे कोणी सौदा बुडवला तर भरपाईसाठी राखलेल्या पैशांत, किती घालावे लागतात. एमसीएक्सनं ऑक्टोबर २०२३ मध्ये नवी प्रणाली घेतली. त्याआधी जुन्या पुरवठादाराला मुदतवाढीसाठी मोजलेल्या पैशांपायी तिचा एका तिमाहीचा नफाच तोट्यात गेला होता. एरवी या धंद्याचा खर्च बराचसा ठरलेला असतो. सौदे वाढले की नफा उड्या मारत वाढतो आणि घटले की तसाच कोसळतो.

म्हणूनच पी-ई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट आहे ते, काढताना नुसता चालू वर्षाचा नफा धरू नका. सौद्यांना भरती आलेल्या वर्षात नफा फुगतो आणि शेअर स्वस्त दिसतो. चार-पाच वर्षांच्या सरासरी नफ्यावर भाव किती पट येतो ते काढा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. जुन्या भावाशी तुलना करतानाही सांभाळून. बीएसईचा इश्यू, म्हणजे लोकांना पहिली विक्री, ८०६ रुपयांना होता, पण २०२२ आणि २०२५ मध्ये एकास दोन बोनस (एका शेअरमागे दोन फुकट) मिळून तेव्हाच्या एका शेअरचे नऊ झाले. म्हणजे मूळ खरेदी जेमतेम नव्वद रुपयांची. "आठशेचा शेअर होता हो" म्हणणाऱ्या काकांना हे सांगून बघा, चहा थंड होईपर्यंत वाद चालतो.

माझ्या वहीत प्रत्येक एक्स्चेंजला एक पान आहे. प्रीमियम उलाढाल, ऑप्शनचा उत्पन्नातला वाटा, सेबीच्या परिपत्रकांच्या तारखा, सरासरी नफ्यावरचा भाव. वार्षिक अहवाल पावसाळ्यात येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि लिलावाच्या वाळूत चिटपाखरू नसतं. बसून पानं भरायला वेळ मिळतो.