भारीतले इयरफोन घेताय? या चुका टाळा

"वीस-पंचवीस हजारांचे इयरफोन घेतले, पण माझ्या जुन्या दोन हजारांच्यात आणि यांच्यात फरकच कळत नाही." जळगाव, भुसावळ, धुळे, कुठूनही फोन येवो, तक्रार हीच. आणि जवळपास दरवेळी त्या माणसाने ते इयरफोन अजून नीट ऐकलेलेच नसतात. कानात बसवताना चूक, तुलना करताना चूक, आणि निकाल मात्र किमतीवर! आधी या दोन चुका काढा, मग पैसे वसूल झाले की वाया गेले ते ठरवू.

पहिली चूक: डब्यातल्या रबरी टिप्स न बदलणं

माझा भाचा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीत अमळनेरला आला तो वीस हजारांच्या वरचे वायरवाले इयरफोन घेऊन आणि चेहरा पाडून. "मामा, पैसा पानीमा गयात. बेसच नाही यांना." बेस येत नाही म्हणून त्याने फोनच्या इक्वलायझरमध्ये खालच्या पट्ट्या टोकापर्यंत चढवल्या होत्या. गाणं सगळं गढूळ झालेलं. तेवढ्यावर न थांबता चांदीचा मुलामा असलेली तीन हजारांची वेगळी केबलही मागवली होती. मी म्हटलं, डबा आण. डब्यात छोट्या-मोठ्या रबरी टिप्सचं पाकीट होतं, चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. कंपनीने बसवून दिलेल्या मधल्या मापावरच साहेबांचं चाललेलं.

इयरफोन कानाच्या नळीत घट्ट बसला नाही तर सगळ्यात आधी बेस जातो. खालचे सूर म्हणजे बंद जागेतल्या हवेचा दाब. बारीकशी फट राहिली तरी तो दाब बाहेर निघून जातो. वरचे सूर मात्र तसेच ऐकू येतात, म्हणून आवाज पातळ आणि टोचरा लागतो. माणूस दोष देतो कंपनीला.

भाच्याच्या डाव्या कानाला मधलं माप ठीक होतं, उजव्याला मोठं लागलं. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही, ही साधी गोष्ट लोक पैसे मोजताना विसरतात. इक्वलायझर बंद करून तबल्याची जोडी लावली. डग्ग्याचा घुमारा ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "मामा, ती केबल परत घेतील का?" 

माझी सवय सांगतो. इयरफोन घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, इयरफोन आत सरकवून किंचित फिरवायचा, मग कान सोडायचा. गाणं चालू असताना बोटाने हलकेच आत दाबायचं. दाबल्यावर बेस वाढला, तर टिप लहान आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने सिलिकॉन सटकतं, तेव्हा कान आणि टिप दोन्ही पुसून घ्या. एवढं करूनही बसत नसेल तर फोमच्या टिप्स घ्या. त्या काही महिन्यांत बदलाव्या लागतात, पण त्या महागड्या केबलपेक्षा कितीतरी उपयोगाच्या. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि तेवढाही धीर नसेल, तर महाग इयरफोन घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक: मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज

फोनचा व्हॉल्यूम एकाच ठिकाणी ठेवून आधी जुने, मग नवे इयरफोन ऐकतात आणि "हा जास्त भारी" म्हणतात. प्रत्येक इयरफोनची संवेदनशीलता वेगळी असते, त्यामुळे तेवढ्याच व्हॉल्यूमवर एक मोठा वाजतो, एक बारीक. आवाज वाढला की आपल्या कानाला बेस आणि वरचे सूर जास्त भरून आल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी हे १९३३ सालीच मोजून दाखवलंय. एखाद्या डेसिबलचा फरकसुद्धा कानाला आवाज मोठा न वाटता चांगला वाटतो. दुकानात ढणढण लावलेल्या गाण्यावर खरेदी करणारे इथेच फसतात.

मी घरच्या कोणाला तरी व्हॉल्यूम जुळवायला सांगतो आणि स्वतः स्क्रीनकडे बघत नाही. गाणी ओळखीचीच लावायची: एक बाईचा आवाज, एक ढोलकी, एक पेटी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या, आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवर परीक्षा घेऊ नका. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं गाणं जिवाभावाचं असलं, तरी महाग इयरफोन त्यातली खरखर जास्त दाखवणार. आणि घाई नको. नवे इयरफोन पंधरा दिवस वापरा, मग जुन्यांवर परत या. जुन्यावर काही हरवल्यासारखं वाटलं, तर पैसे कशाचे दिले ते तुम्हाला कळेल. काहीच हरवलं नाही, तर परत करायची मुदत आधी विचारून ठेवलेली असली पाहिजे.

मग पैसे कशाचे?

येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. कोणते सूर किती उठतात याचा किमतीशी संबंध आढळला नाही. म्हणून दोन-तीन हजारांचा नीट ट्यून केलेला वायरवाला इयरफोन रात्री घरी शांतपणे ऐकणाऱ्याला पुरतो, असं मी बिनधास्त सांगतो. जळगाव-भुसावळ अपडाऊन करणाऱ्याची गोष्ट वेगळी. गाडीची एकसुरी घरघर बेसला गिळून टाकते, आणि चांगलं नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारी सोय, नेमकी तीच घरघर कापतं. शेजारच्याच्या गप्पा ते तेवढ्या कापत नाही. तिथे पैसे त्या सोयीचे, माईकचे आणि बसणीचे आहेत. हिशेब मात्र वर्षांवर करा. वायरलेस जोडीची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरायला लागते आणि बहुतेकांची बदलता येत नाही. केबल निघणारा वायरवाला इयरफोन सांभाळला तर त्याहून बराच जास्त टिकतो.

बाकीच्या चुका

एका बाजूचा आवाज कमी झाला की लगेच "खराब झाला" म्हणू नका. टिप काढून जाळीत मळ साठलाय का ते बघा, कोरड्या मऊ ब्रशने तोंड खाली धरून साफ करा.

आत किती ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे स्पीकर) आहेत ते मोजून खरेदी करू नका. एका चांगल्या ड्रायव्हरचा इयरफोन अनेकांच्या पुढे जातो.

एलडॅकसाठी, म्हणजे ब्लूटूथवरून जास्त बारकाव्याचा आवाज पाठवायच्या सोनीच्या पद्धतीसाठी, जादा पैसे देण्याआधी फोन बघा. आयफोनला एलडॅक चालत नाही.

"शंभर तास वाजू दे, मग आवाज खुलेल" असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. बहुतेक वेळा सरावतो तो आपला कान, आणि तोवर परत करायची मुदत निघून जाते.

मे महिन्यात चार्जिंगची डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. बाहेर ४४-४५ अंश असताना आत किती तापतं ते हात लावून बघा, बॅटरी तिथेच मरते.

आठवड्याला ४० तास ऐकत असाल तर आवाज ८० डेसिबलच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ आहे.

आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, बिल पक्कं मिळेल का आणि सर्व्हिस सेंटर जळगावात आहे की इयरफोन नाशिक-पुण्याला पाठवावे लागतील. उत्तर गोलमाल आलं, तर दुसरं दुकान बघा.